मागचं इंजिन

साठी उलटलेल्या माणसानं रेसची मोटरसायकल विकत घेतली की गावाला बोलायला विषय मिळतो. आमच्या घरमालकांनी ती घेतली तेव्हा कॅसलरॉक स्टेशनाजवळच्या चहावाल्याचं मत पडलं, की म्हाताऱ्याला चळ लागलाय. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं मत असं, की चळ लग्नाआधीपासूनच होता, आता त्याला चाकं फुटली. मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खानापूरकडून इथल्या शाळेत बदली होऊन आलेली बाई. माझं मात्र काही केल्या मत बनेना, कारण काका त्या गाडीचं जे करत होते ते शहाण्यानं करू नये आणि वेड्यालाही सुचू नये असलं होतं.

गाव त्यांना बँकर म्हणायचं. ते बँकेतून निवृत्त झालेत असं मी सुरुवातीला धरून चालले होते आणि एकदा त्यांना मुदत ठेवीबद्दल विचारूनही बसले. ते इतके हसले की काकू आतून बघायला आल्या. मग त्यांनी समजावलं. गोव्याकडून वर येणाऱ्या आगगाडीला आमचा घाट एकट्या पुढच्या इंजिनाच्या जिवावर चढत नाही. म्हणून शेपटीला आणखी इंजिनं जोडतात. ती मागून ढकलतात. त्या ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेत बँकर म्हणतात, आणि काकांनी उमेदीची सगळी वर्षं त्याच इंजिनात काढली. बोगद्यात पुढच्यांचा धूर खायचा. रुळाकडेची पोरं पुढच्या इंजिनाला हात करणार, मागचं येईपर्यंत त्यांचे हात खाली गेलेले. कॅसलरॉक आलं की मागचं इंजिन सोडवायचं आणि परत खाली उतरायचं. गाडी पुढं कुठं का जाईना, यांचा तिच्याशी संबंध संपला.

"ओढणारा दिसतो, बाई. ढकलणारा लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी चिरणाऱ्या काकूंना, सायकल शिकणाऱ्या पोरांच्या बापांना, कुणालाही ते लागू पडायचं.

मागं राहायची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. लग्नाच्या वरातीत शेवटी, बसमध्ये शेवटचा बाक, देवळात मागच्या भिंतीला टेकून उभे. "देवाला हितनं दिसत न्हाई व्हय?" असं वर पुजाऱ्यालाच विचारायचे. रस्त्यावर त्यांनी कधी कुणाला मागं टाकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पुढं म्हशी असतील तर म्हशींच्या मागून. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, पुढची आणि मागची. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुढच्यांत टाकलं. "तुमचा प्रश्न आदी येतो, ऐकणं मागनं येतं," म्हणाले. मला राग आला, पण खोटं नव्हतं.

आणि अशा माणसानं रेसची गाडी आणली. लालभडक, पोटाखालपर्यंत फायबरचं कव्हर, मागची सीट वर टोकाला. पुढं वाकून, जवळजवळ टाकीवर पालथं पडून चालवायची जात. गोव्याच्या कुणा पोरानं ती अनमोड घाटात लोळवली होती आणि मग ती रामनगरच्या एका गॅरेजात धूळ खात पडली होती. टेम्पोतून उतरवली तेव्हा ती चालूही होत नव्हती.

काकांनी पहिल्याच दिवशी ते लाल कव्हर काढून टाकलं. काकूंनी ते न्हाणीघरामागं पालथं घातलं आणि त्याखाली कोंबड्या ठेवल्या. मग त्यांनी पडवीत जुनी चादर अंथरून इंजिन सोडवायला घेतलं. एकेक भाग निघाला तसा चादरीवर ओळीनं. ती ओळ ओलांडायची कुणाला परवानगी नव्हती, मांजरालासुद्धा नाही. त्यामुळे शाळेत जायला मला घराला वळसा घालून मागच्या दारानं निघावं लागे. संध्याकाळी परत आले की ते काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवून, दोन्ही तळव्यांत काठी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवत बसलेले दिसत. व्हॉल्व्हला लावलेल्या घासायच्या पेस्टची करकर थांबून आवाज मऊ झाला की व्हॉल्व्ह नीट बसला असं समजायचं. पिस्टनच्या रिंगा नव्या आणल्या, सिलिंडरचं बोअर बेळगावला जाऊन करून घेतलं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मोडकं दुरुस्त करणं मला समजतं.

पुढचं समजेना. चेनचं मागचं दातेरी चाक काढून त्यांनी चांगलं मोठं चाक बसवलं. मी त्यांना म्हटलं, एवढं मोठं चाक लावलं तर गाडीचा वेग जाईल की.

"जाऊ दे की. वेग तिच्यात पोटभर हाय. ओढ न्हाई. नुसती पळतीया, कुणाला संगं घिऊन चढ म्हटलं की रडतीया."

"पण काका, ही रेसची गाडी आहे."

"रेस म्हंजे काय? तुमच्या पोरांची रेस सपाटीला असती. हितं सपाटी दावा मला."

आता जोयडा तालुक्यात सपाटी दाखवणं कठीणच. 

मग त्यांनी खाली वाकलेलं हँडल काढून सरळ उंच हँडल बसवलं. क्लचच्या स्प्रिंगा कडक घातल्या. मागचा टायर शेतातल्या गाड्यांसारखा गाठीगाठीचा आणला. रामनगरहून लोखंडी चौकट वेल्डिंग करून आणली आणि ती पुढच्या चाकाच्याही पुढं येईल अशी चेसीला नट-बोल्टनं आवळली. तिच्यावर ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे एकावर एक बसवले. गाडीच्या तोंडाला उशी बांधल्यासारखं ते दिसत होतं. चहावाला खास बघायला आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून निघून गेला.

सगळ्यात कहर म्हणजे वाळू. मागच्या सीटच्या जागी त्यांनी पत्र्याची पेटी बसवली, पेटीतून एक नळी मागच्या चाकाच्या पुढ्यात सोडली आणि हँडलला एक तार आणली. तार ओढली की नळीतून चाकाखाली वाळू पडणार. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून रेल्वेच्या इंजिनाला अशी वाळूची सोय असते म्हणे. वाळू कोरडी हवी, आणि आमच्याकडे आभाळ फाटल्यावर उशीच्या अभ्र्यालाही बुरशी येते. म्हणून काका चुलीवर कढईत वाळू भाजत बसायचे.

"शेंगा भाजायची कढई ती!" काकू ओरडायच्या.

"मग शेंगा बी टाक की त्यात. दोन्ही कामं हुतील."

आणि खरोखरच झाली. तशा खरपूस शेंगा मी नंतर कुठं खाल्ल्या नाहीत.

हे सगळं ढकलण्यासाठी चाललंय एवढं मला तोंडाची उशी बघूनच कळलं होतं. कुणाला ढकलायचं, ते कळत नव्हतं. पहिला प्रयोग स्टेशनाजवळ रुतलेल्या लाकडाच्या टेम्पोवर झाला. काकांनी मागून उशी टेकवली, गाडी गुरगुरली, टेम्पो हातभर हलला आणि जळक्या क्लचचा वास स्टेशनभर पसरला. शेवटी टेम्पोवाला आणि हमालांनी मिळून काकांनाच गाडीसकट घरापर्यंत ढकलत आणलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "शिट्टी कुणी दिली हुती ह्यास्नी?" काका क्लच सोडवायला बसले.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. क्लचच्या नवीन प्लेटा पडल्यावर त्यांनी सरावासाठी माझी स्कूटर मागितली. स्कूटर बंद ठेवून मी तिच्यावर नुसतं बसायचं, हँडल धरायचं आणि ते मागून शाळेच्या चढावर ढकलणार. बसले. मागं उशी टेकल्याचा हलका धक्का लागला. इंजिन चालू होतं, पण स्कूटर जागची हलेना. मी मान वळवून बघितलं. काका समोर नजर लावून पुतळ्यासारखे बसलेले.

"काका, चला की!"

 मी आणखी दोनदा हाका मारल्या. मैदानातली माझीच चौथीची पोरं खो-खो सोडून बघायला लागली. शेवटी काका म्हणाले, "बाई, पुढच्यानं शिट्टी दिल्याबिगर मागचा जोर लावत न्हाई. हार्न मारा."

मी हॉर्न मारला. त्यांनी तसाच उलटा हॉर्न मारला, आणि मग इतक्या अलगद जोर आला की मला स्कूटर स्वतःहून निघाली असं वाटलं. चढ संपला तसा तो जोर तितक्याच अलगद सुटला. मागं बघते तर ते गाडी वळवून परत खाली निघालेसुद्धा.

त्या संध्याकाळी काकू वाळू चाळत होत्या, तिथं मी जाऊन बसले आणि सरळ विचारलं. पुढची ना मी.

काकूंनी चाळण खाली ठेवली. "अण्णांसाठी चाललंय हे सगळं. ह्यांच्या थोरल्या भावासाठी. तुमास्नी ठाव न्हाई व्हय? बोलत न्हाईत दोगं."

अण्णांना मी पाहिलं होतं. जुनी जीप घेऊन बाजाराला येणारे, उंच, मानेला मफलर गुंडाळलेले. तेही रेल्वेतलेच, पण पुढच्या इंजिनावरचे. पुष्कळदा एकाच गाडीला पुढं थोरला आणि मागं धाकटा असे. पुढच्यानं शिट्टी द्यायची, मागच्यानं तशीच उत्तराची द्यायची आणि मग दोघांनी मिळून जोर लावायचा, हा नियम. काकूंना चुलीपाशी शिट्ट्या ऐकूनच समजायचं की आज दोघं भाऊ एका गाडीला आहेत.

त्यांची आई गेली ती पावसाळ्यात. काका तेव्हा घाटात खाली अडकले होते. रुळावर दरड आली होती, गाडी ना वर ना खाली. निरोप मिळाला, पण हलता येईना. इकडं घरी, अण्णांच्या वाडीवर, पाऊस थांबेना, माणसं खोळंबलेली. अण्णांनी धाकट्याची वाट न बघता आईला अग्नी दिला. काका दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा चिता विझलेली होती.

"ह्यांनी तितंच सांगितलं त्यास्नी," काकू म्हणाल्या, "'मागच्याला शिट्टी न देता गाडी काढलीस.' तवापासनं बोलणं बंद. पण बाई, ड्युटीवर शिट्टी द्यावीच लागायची. दोगं एका गाडीला असले की शिट्टी जायची, शिट्टी यायची. वॉकी-टॉकी आली तरी बोलाय लावायचे ते संगतीच्या माणसाला, पण शिट्टी आपली आपण. तेवडंच बोलणं. मग अण्णा रिटायर झाले, मागनं हे. शिट्टी बी बंद झाली."

अण्णांच्या घराखाली लाल मातीचा खडा चढ आहे. पावसात जीप तिथं रुतते, हे गावाला माहीत. काकांचा सगळा खटाटोप त्या चढासाठी होता. जीपच्या मागं जाऊन उभं राहायचं आणि थोरल्यानं शिट्टी द्यायची वाट बघायची.

"सरळ जाऊन बोलत का नाहीत?"

"मागच्या इंजिनानं आदी शिट्टी द्यायची नसती म्हणे." काकूंनी परत चाळण उचलली. "अण्णांनी दिली तर दिली. न्हाई दिली तर मला भ्या वाटतंय. गाडी जाईल भंगारात, तिचं काय न्हाई. हे माणूस उठायचं न्हाई परत."

त्यानंतर त्या गाडीला हसायची माझी इच्छा गेली. वाळू भाजायला मी मदतसुद्धा करायला लागले.

श्रावणात त्यांच्या आईचं श्राद्ध आलं. ते दर वर्षी अण्णांकडे होतं. काका जात नाहीत, काकू जातात. त्या वर्षी सोबतीला मी गेले. काका सकाळपासून कुठं दिसत नव्हते, गाडीही जागेवर नव्हती. नारळ, केळीची पानं, तांदूळ असं सगळं घेऊन अण्णांनी आम्हाला जीपमध्ये बसवलं. पाऊस असा, की समोरची काच पुसून उपयोग नव्हता. लाल चढ अर्धा झाला आणि मागचं चाक गरगरायला लागलं. अण्णांनी दोनदा रेस दिली, जीप आणखी रुतली.

"उतरा," ते म्हणाले.

आम्ही छत्र्या उघडून कडेला उभ्या राहिलो. तेवढ्यात खालून, फणसाच्या झाडाआडून, इंजिनाचा आवाज आला. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, अंगावरून पाणी निथळतंय, आणि तोंडाला उशी बांधलेली ती गाडी पायरी पायरी चढत यावी तशी वर येत होती. काका कधीपासून तिथं उभे होते कोण जाणे. काकांनी जीपच्या मागच्या पत्र्याला उशी टेकवली, क्लच अर्धा धरला आणि समोर बघत थांबले.

अण्णांनी आरशात बघितलं. त्यांनी भाऊ ओळखला, हे आम्हाला कडेला उभं राहूनही दिसलं. मग ते नुसते बसून राहिले. हात स्टीअरिंगवर, मान खाली. मागं काका हलत नव्हते. पाऊस दोघांवर आणि आमच्यावर सारखाच पडत होता. काकूंनी माझं मनगट धरलं.

"देत न्हाईत वो बाई. देत न्हाईत," त्या पुटपुटल्या.

मला अण्णांचा असा संताप आला, की वाटलं आपणच जाऊन हॉर्न दाबावा. एवढा कसला ताठा? इतक्यात जीपचं दार उघडलं. अण्णा उतरले, मफलर डोक्यावरून घेतला आणि चिखलातून तोल सांभाळत मागं आले. काकांच्या समोर उभे राहिले.

"हार्न बंद पडलाय," म्हणाले. "दाबालोय कवापासनं. वाजत न्हाई."

काकांनी क्लच तसाच अर्धा धरून ठेवला.

"न्हाई वाजत म्हणतोय की!"

"शिट्टीबिगर मी जोर लावत न्हाई," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"ठाव हाय मला." अण्णांनी तोंडावरचं पाणी पुसलं.  मग म्हणाले, "पाऊस हुता. माणसं ताटकळली हुती. सगळं खरं. तरी बी थांबाय पायजे हुतं मी त्या दिशी. तुझी बी आई हुती ती. चुकलो मी." आणि एकदम चिडून, "आता आणि काय वाजवू?"

काकू रडायला लागल्या. मीही.

काकांनी खोळीतून डोकं वर केलं. "बसा जावा गाडीत," म्हणाले. "भिजतायसा, अण्णा."

अण्णा जाऊन बसले. काकांनी तार ओढली, भाजलेली कोरडी वाळू चाकाखाली सांडली. त्यांनी एकदा लांब हॉर्न दिला आणि जोर लावला. जीप आधी थरथरली, मग निघाली. त्या एवढ्याशा गाडीच्या ढकलण्यानं ती चढली, की अण्णांनी या वेळी रेस नीट दिली म्हणून, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. पुढं रामनगरच्या मेकॅनिकला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, दोन दगड घातले असते चाकाखाली तरी चढली असती. असेल. मी परत कुणाला विचारलं नाही.

वर अंगणात जीप थांबली. आम्ही चालत पोचलो तेव्हा काकांनी उशी सोडवून गाडी वळवलीसुद्धा होती, उताराकडे तोंड करून.

"कुटं चाललास?" अण्णांनी पडवीतून विचारलं.

"चढ झाला. माझं काम संपलं."

"आईचं पान वाढायचंय. तू आत आल्याबिगर वाढत न्हाई मी." अण्णा पायरीवर बसले. "थांबतो. किती बी वेळ थांबतो."

काकांनी इंजिन बंद केलं. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब चरचरत होते. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले पाय घेऊन ते पायरीशी आले आणि आत कसं यावं म्हणून तसेच उभे राहिले. अण्णांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, पण अण्णांनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, खाली उतरले आणि धाकट्या भावाच्या पायांवर स्वतः पाणी ओतायला लागले.